क्लचवरचा पाय

५ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा. वळसंगच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे मी. रस्ता मोकळा दिसला. चौथ्या गिअरमध्येच होते, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, फेऱ्यांचा काटा सरकन वर गेला आणि गाडी आहे तिथेच. जणू मधल्या कोणीतरी हात सोडला. समोरून टेम्पो येत होता. गुपचूप पुन्हा उसामागे.

शेजारी महादेवी, मांडीवर डबा धरून. कॉलेजात गणित शिकवते, सोलापूरहून रोज माझ्याबरोबर येते. म्हणाली, “काय री मॅडम, गाडी नुसती ओरडते, पळत नाही. आपल्या प्राचार्यांसारखी.”

हसले. पण मैंदर्गीपर्यंत मग बैलगाडीसारखी चालवली. पहिला तास कसा घेतला, आठवत नाही.

६ जानेवारी

मिलिंदला सांगितलं. जेवताना. नको होतं जेवताना.

“क्लचवर पाय ठेवून चालवतेस तू.”

“नाही ठेवत.”

“कळत नाही गं. आपोआप जातो. सगळ्यांचा जातो.”

“सगळ्यांचा, की सगळ्या बायकांचा?”

भाकरी चुरत बसला. शेंगाची चटणी पुढे सरकवली, म्हणजे विषय संपला.

गाडी माझी. संस्थेने मला मैंदर्गीला टाकलं तेव्हा घेतलेली. साधी, पांढरी, छोटी डिझेल. दिवाळीपासून साधी राहिली नाही. मि.ने ट्यूनिंग करून घेतलं. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवा मॅप, म्हणजे जास्त ताकदीचं सेटिंग, पुढे मोठा इंटरकूलर, मागे घुमणारा सायलेन्सर. ताकद पुष्कळ वाढली. क्लच मात्र जुनाच, कंपनीने साध्या गाडीला दिलेला. तेव्हाच विचारलं होतं, हा पुरेल का? “पुरतो. वेळ आली की बदलू.”

वेळ आली हे कोणी ठरवायचं? गाडीत बसणाऱ्याने की

(दूध उतू गेलं.)

१० जानेवारी, शनिवार

होटगी रोड. रफीकभाईचं गॅरेज. मि. आणि रफीकभाई पुढे, मी माझ्याच गाडीत मागे. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत. पहिला, दुसरा, स्पीडब्रेकर, पुन्हा पहिला.

“कुठं घसरती? मस्त उचलती की.”

“चौथ्यात घसरते. वेग कमी असताना जोर दिला की.”

“मॅडम, चौथा टाकायला हितं रस्ता पायजे ना.”

“मग रस्त्यावर चला.”

मि. म्हणाला, यात्रेची गर्दी आहे, उगाच अडकू. मग रफीकभाईने हँडब्रेक ओढला, तिसरा टाकला आणि क्लच सोडला. इंजिन धपकन बंद. “देखो. पकडता है. फिसलता तो बंद नै पडता.”

दोघांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर डॉक्टर पेशंटकडे बघतात ना, तसं.

“पाँव जरा उठाके चलाव मॅडम.”

उठाके. घरी येईपर्यंत मि. रेडिओ लावून गुणगुणत होता.

१५ जानेवारी

सुट्टी. गुडघा शेकला. डावा. डॉक्टर म्हणतात झिजलाय, जिने टाळा. कॉलेजला जिनेच जिने. क्लचचं काही बोलले नव्हते, मीही विचारलं नव्हतं. सध्या पेडल लोण्यासारखं आहे म्हणून जमतं.

स्वतःलाच विचारलं, भांडत का नाहीस नीट? उत्तर माहीत आहे.

स्टेंट बसवल्यानंतरचा मि. आठवतो. गॅलरीतली खुर्ची, मांडीवर न उघडलेला पेपर. ऑफिसला परत गेला तरी तसाच. विचारलं की “ठीक”. कॉलेजात असताना कँटीनचं टेबल वाजवून सगळ्यांना गप्प बसवणारा हा मुलगा. कधी वाटायचं, माणूस वाचला पण परत आला नाही. मग मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागला. मग रफीकभाई. एका रविवारी ग्रीस लागलेले हात घेऊन घरात आला आणि मला म्हणाला, “चहा टाक, तुला एक गंमत सांगतो.” गंमत टर्बोची होती. मला काही कळली नाही. ओट्याशी उभी राहून रडले मात्र.

त्या गाडीला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू.

२० जानेवारी

महादेवीची कल्पना. “तुमचा पाय मी मोबाइलमध्ये पकडते. पुरावा.”

अक्कलकोट सोडल्यावर रस्ता रिकामा होता. मागे-पुढे कोणी नाही हे दोनदा पाहिलं. चौथा. वेग कमी. ती बाजूच्या सीटवरून वाकून शूटिंग करतेय आणि बातम्या देतेय. “हा मॅडमचा डावा पाय. बघा, क्लचपासून लांब ठेवलाय. आता मॅडम जोर देणार. हा काटा... अय्यो! अय्यो, गेला वर! पाय बघा, पाय तिथेच!”

इतकं हसलो. गाडी बाजूला घ्यावी लागली. जळका वास आला थोडा. महादेवीने काच खाली केली.

२१ जानेवारी

मि.ने व्हिडिओ पाहिला. पहिलं वाक्य: “नखं कापायला झालीत तुझी.”

पुन्हा पाहिला. मग थांबवून थांबवून. चष्मा कपाळावर.

“घसरतोय.”

मी वाट पाहिली. तुझं बरोबर होतं, एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत ते.

“म्हणजे टॉर्क त्याला झेपत नाही. हेवी ड्युटी टाकायला लागणार.” आणि चेहरा असा उजळला! रफीकभाईला तिथूनच फोन, स्पीकरवर. “हौ साब, मैं तो पैले दिन से बोलता, ओ क्लच टिकनेवाला नै.”

पहिल्या दिवसापासून! मी भांडी जरा जोरात लावली. कोणाला ऐकू गेली नाहीत.

खरं ठरल्याचा एवढाच फायदा, की आता माझ्या पायाऐवजी क्लच कमजोर.

२४ जानेवारी, शनिवार

गॅरेजमध्ये एक काळी गाडी उभी होती, कुणा बिल्डरच्या मुलाची. हाच हेवी क्लच बसवलेला. मि. म्हणाला, बसून बघ.

बसले. पेडल दाबलं. गेलं नाही. म्हणजे गेलं, पण मांडीपासून जोर काढावा लागला, आणि अर्ध्यात गुडघ्याच्या आतून बारीक कळ. पुन्हा दाबलं. पुन्हा कळ. रफीकभाई खिडकीत. “थोडा भारी लगता. आदत हो जाती.” सोडताना तर अजबच. मधलं काही नाहीच. एकतर उभी, नाहीतर उडी. अंगणातल्या अंगणात दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा गाडीने अशी उसळी मारली की रफीकभाई खिडकीतून मागे सरकला.

उतरले. लंगडले नाही. मुद्दाम.

“दुसरं काही नाही का?”

रफीकभाई म्हणाला, मधल्या ताकदीचा मिळतो, पेडल हलकं राहतं, पण या मॅपवर किती टिकेल गॅरंटी नाही. नाहीतर मॅप पुन्हा जुना करायचा आणि साधाच नवा क्लच टाकायचा. “फिर कोई टेन्शन नै.”

“परत मागे?” मि. म्हणाला. हळूच. कोणी घरातून काढतंय असा चेहरा.

मग बरं वाटावं म्हणून म्हणाला, “तुला त्रास होत असेल तर मी सोडत जाईन ना. अक्कलकोटपर्यंत बस आहेच. स्टँडवर सोडेन सकाळी.”

सोडत जाईन.

२५ जानेवारी

त्या शब्दांवरच अडकलेय. त्याला वाटलं त्याने प्रेमाने म्हटलं. म्हटलंच. म्हणून तर.

तो रस्ता माझा आहे. घर सुटल्यापासून घंटा होईपर्यंतचा. महादेवी आली नाही त्या दिवशी तर पूर्ण माझा. काच खाली, ज्वारीच्या ताटांचा वास, मध्येच एखादी कविता तोंडात येते आणि सिग्नलला विरते. चाळिशीत गाडी शिकले. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “आता गं काय करायचंय.” हे करायचं होतं.

हे सगळं मि.ला सांगायला बसले की वाक्य होतं: “मला पेडल जड जातं.” आणि तो म्हणतो, “सवय होईल.”

२९ जानेवारी

भांडण. छोटं.

मी: गाडी सोमवार ते शनिवार मी चालवते. तू रविवारी. मग क्लच कोणाच्या पायाचा हवा?

तो: सहा दिवस ती नोकरी करते गं. रविवारी जगते.

(वाक्य चांगलं होतं. राग आला तरी चांगलं होतं.)

मी: मग माझंही तेच म्हण की. उलटं.

तो: म्हणजे?

मी: काही नाही.

शेवटी तह. तूर्त आहे तसंच. मी चौथ्यात-पाचव्यात जोर द्यायचा नाही, खालचा गिअर टाकून ओव्हरटेक करायचा. तो रविवारी हायवेवर “बघूया” म्हणून नेणार नाही. नीट जपला तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जाईल, असं रफीकभाई म्हणतो. सुट्टीत ठरवू.

पुढे ढकललं की दोघांनाही आपण जिंकल्यासारखं वाटतं.

३ फेब्रुवारी

केमहून वनिताताईंचा फोन. माझी नणंद. रविवारी रोहितचं लग्न, तिच्या थोरल्याचं.

“वयनी, तुमची गाडी घिऊन या बरं का. पोरगं हटून बसलंय. मामाच्याच गाडीत बसनार म्हनतंय.”

“ताई, त्या गाडीचा क्लच—”

“आवाज लई भारी येतो म्हनं तिचा. मित्रांस्नी सांगून बसलंय सगळ्या. न्हाय म्हनू नगा.”

फोन मि.कडे दिला. त्याला म्हटलं, वरात म्हणजे बँडमागे मुंगीच्या पावलांनी. पहिला गिअर, अर्धा क्लच, तासन्तास. जो क्लच आधीच सुटतोय त्याला याहून वाईट काय? तुला माहीत आहे हे. माझ्याहून जास्त माहीत आहे.

“माहीत आहे. पण भाच्याची वरात आहे. मामा म्हणून काय सांगू, क्लच खराब आहे?”

“हो. तेच सांग.”

“चेष्टा करतील गं. एवढी मॉडिफाय केली आणि वरातीला चालत नाही.”

सगळ्या घरातली सगळ्यात जोरात पळणारी गाडी. तिला माणसांच्या मागे चालवायचं. आणि याला मान म्हणायचं.

८ फेब्रुवारी, रविवार. केम

लिहायला आता बसले, वनिताताईंच्या माडीवर. खाली पंगती चालू आहेत.

सकाळी मि.ने गाडी धुतली, झेंडूच्या माळा लावल्या, बॉनेटवर गुलाबांचा बदाम. मागे रोहित, फेटा छताला टेकतोय म्हणून मान वाकडी. पुढे मि. चालवायला, शेजारी मी, मांडीवर फुलांचं ताट. स्टेशनच्या रस्त्यावरून निघालो विहाराकडे. पुढे डॉल्बीचा टेम्पो, त्याच्यामागे हलगी, त्यामागे रोहितचे मित्र, त्यामागे आम्ही. चार पावलं पुढे, थांबा. चार पावलं, थांबा.

मि. सुरुवातीला जपून होता. थांबलो की न्यूट्रल. मी पाहत होते. मग पोरांपैकी एकजण बॉनेटवर थाप मारत, “मामा, आवाज काढा की!”

नाही काढला.

“मामा! नुसतीच सजवून आनली व्हय गाडी?”

काढला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. रोहित मागून म्हणाला, “मामा, आजून येकदा.” मग प्रत्येक चार पावलांना. चढावर तर गाडी नुसत्या क्लचवर धरून ठेवलेली, पोरं पुढून हटेपर्यंत.

“मिलिंद.”

“झालंच. आलंच विहार.”

आधी वास आला. मला ओळखीचा. बाहेर बायकांमध्ये गडबड. वनिताताई डोक्यावर पदर घेत मांडवाकडे धावल्या. मोठ्याने आचाऱ्याला, “आरं, भाजी लागली! बघा की, करपल्याचा वास सुटलाय समदीकडं!” आचारी तिकडून झाकण उघडून दाखवतोय, काही करपलेलं नाही. “मंग भात बघ!” भातही ठीक. दोन बायका त्याला शिव्या घालतायत, तो शपथा घेतोय. आणि आमच्या बॉनेटखालून धूर.

मग इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी हलेना. मि.ने क्लच दाबला, सोडला, दाबला, सोडला. काहीच नाही. जणू चाकांशी इंजिनाची ओळखच नाही.

मग हलगीवाल्याने ठेका बदलला आणि पोरं मागे आली. “ढकला रं नवरदेवाला!” नाचत नाचत ढकलली. विहारापर्यंत. कोणाला काही वाईट वाटलं नाही, उलट मजाच. म्हातारे हसत होते. मि. स्टीअरिंग धरून बसलेला, समोर बघत. कानाच्या पाळ्या लाल.

त्रिशरण-पंचशील झालं, मंगल झालं. छान झालं. सून गोड आहे.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. सांगितलं होतं ना, असं. काहीच बरं वाटलं नाही. ढकलताना एकजण ओरडला, “मामा, सायकल घ्या आता.” तेव्हा मी त्या पोराला फाडून खाल्लं असतं.

९ फेब्रुवारी

गाडी ट्रकवर चढवून सोलापूरला. आम्ही रेल्वेने. मि. खिडकीत. झेंडूची एक माळ तशीच आरशाला लटकत गेली.

कुर्डुवाडीला म्हणाला, “वाईट झालं.”

“हो.”

“रोहित हसत होता ना पण?”

“हसत होता.”

तेवढंच.

१२ फेब्रुवारी

बस. उभ्याने. अक्कलकोटला बसायला मिळालं. मग दुसरी बस. महादेवी म्हणाली, “मॅडम, आपली ओरडणारी गाडी बरी होती री.” संध्याकाळी गुडघा तांब्याएवढा.

रफीकभाईने उघडून दाखवलं. प्लेट जळून निळी पडलेली, अस्तर गेलेलं, फ्लायव्हीलवर बारीक भेगा. आता तह नाही, सुट्टीपर्यंत थांबणं नाही. काहीतरी एक घालावंच लागेल.

मि. घरी कागदावर चित्रं काढतोय. “हे बघ. हेवी क्लच टाकला की तो सुटणार नाही. मग ताण पुढे जातो. शाफ्टवर, मग गिअरबॉक्सवर. आज ना उद्या तेही मजबूत करावे लागतील.” उत्साहात सांगत होता. मी चित्राकडे बघत होते. एक घट्ट केला की ताण पुढच्यावर. म्हणजे तो सुटत होता म्हणून बाकीचे शाबूत होते. हे कुठेच थांबत नाही का?

“आणि शाफ्टनंतर?”

“शाफ्टनंतर काय?”

“माझा गुडघा कुठे आहे या चित्रात?”

पेन्सिल खाली ठेवली. मग मलाच वाटलं फार बोलले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी मि. स्वतःहून. पलंगाच्या कडेला बसून, पाय हलवत.

“तुला माहितीये, मॅप जुना केला तर गाडी काही वाईट नाही होत. पहिली होती तशी होते.”

“माहितीये.”

“मला पहिल्यासारखं नकोय गं काही. पहिल्यासारखं म्हणजे ते— खुर्चीतलं.”

मी त्याचा हात धरला. मग म्हणाले, “आणि मला तू सोडायला नकोयस.” त्याला एकदम समजलं नाही. स्टँडवर, म्हटलं. स्टँडवर सोडायला नकोयस.

“मी ओझं म्हणून नव्हतो म्हणालो.”

“तेच तर.”

दोघांचंही खरं. कोणाचं तरी खोटं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

१६ फेब्रुवारी

कॉलेजातून येताना एकटीच गॅरेजला गेले. धीर करून. म्हटलं, रफीकभाई, गाडी माझ्या नावावर आहे. साधा क्लच टाका, मॅप जुना करा.

“हौ मॅडम, बिलकुल.” आणि माझ्यादेखत खिशातून फोन काढला. “एक बार साब को पूछ लेता.”

बाहेर येऊन रिक्षात बसले. नवी पेठेत रिक्षा अडकली. पुढे हातगाडी, मागे हॉर्न, रिक्षावाल्याचा हात क्लच दाबून-सोडून थकत नव्हता. मला मात्र नुसतं बघून गुडघ्यात कळ.

घरी मि.: “रफीकचा फोन आला होता.”

“काय म्हणालास?”

“थांब म्हणालो. एक दिवस.”

कशासाठी ते सांगेना. दार आपटणार होते. आपटलं नाही. शेजारी आजारी आहेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी बघते तर मि. बूट घालून तयार. “रजा टाकलीय. तुझ्याबरोबर येतो.”

“कुठे?”

“मैंदर्गीला. बसने. बघतो तुझा रस्ता.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रविवारी हायवेने तुळजापूर, पुणे, सगळीकडे नेलं त्याने गाडीला. या रस्त्याने कधी आला नाही. कशाला येईल?

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला, मी खिडकीशी, महादेवी मागे. शहर सुटेपर्यंत बोलत होता. मग थांबला. ड्रायव्हर गिअर बदलत होता, आणि मि.चा डावा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जात होता. ड्रायव्हर दाबतो, हा दाबतो. वळसंगला उसाची रांग. दाब, सोड. अक्कलकोटला भक्तांच्या गाड्या, रिक्षा, फुलांचे गाडे, मध्येच एक गाय. दाब, सोड, दाब, सोड.

“हे रोज असं?”

“आज कमी आहे. गुरुवारी बघ.”

बस बदलली. पुढच्या खड्ड्यांतही तसाच पाय. कपाळावर घाम. मागून महादेवी वाकून, अगदी गंभीरपणे, “सर, क्लचवर पाय ठेवून बसू नका.”

बसमधले काहीजण वळून बघायला लागले इतकी मी हसले. तोही हसला. पण उशिरा.

दिवसभर कॉलेजच्या पारावर बसून होता. शिपायाने चहा दिला. परत येताना झोपला, डोकं माझ्या खांद्यावर. झोपेतसुद्धा पाय

१९ फेब्रुवारी

चित्रांचे कागद टेबलावरून गेले. कुठे ठेवले विचारलं नाही. गॅलरीत खुर्चीवर बसलेला दिसला. लगबगीने जवळ जाऊन पाहिलं तर नुसता बुटाची नाडी बांधत होता.

असं किती दिवस दचकायचं मी?

२१ फेब्रुवारी, शनिवार

दोन खोकी येऊन पडलीत गॅरेजला. एक हेवी, एक साधं. नको असलेलं परत जाणार. रफीकभाईने आज सकाळपर्यंत सांगा म्हटलं होतं, गाडी लिफ्टवर अडून बसलीय आणि त्याचं दुसरं काम खोळंबलंय.

काल विचारलं मि.ला, मग?

“तू ठरव.”

“तुला काय वाटतं?”

“मी आलो ना बसने. मला जे वाटायचं ते वाटलं. आता तू ठरव. मनापासून म्हणतोय.”

मनापासून म्हणत होता. तेच अडचणीचं. दीड महिना मी म्हणत होते, मला विचारा. विचारलं. आता साधं म्हटलं तर खुर्चीकडे बघत राहणार मी जन्मभर. हेवी म्हटलं तर स्टँडवर मला सोडायला येईल, हसत, आणि मला त्या हसण्याचा राग येईल. मधलं घ्या म्हटलं तर धड त्याची नाही, धड माझी नाही, आणि केव्हा सुटेल याची रोज वाट बघायची. ती वाट तरी दोघांनी मिळून बघायची, हे एक.

चहा ओतत होते तेव्हा फोन वाजला. मि.चा. नाव दिसत होतं.

“तू घे,” गॅलरीतून.

घेतला. मागे हातोड्याचे आवाज, कुठलं तरी गाणं. “साब?”

“नाही. मी बोलतेय.”

“हां मॅडम. बोलो, कौनसा डालूँ?”

मि. गॅलरीत उभा, माझ्याकडे पाठ. कठड्यावर कप. बाहेरच्या रस्त्याकडे बघतोय असं दाखवतोय, पण मान थोडी इकडे. डावी टाच उचललेली.

“मॅडम? हॅलो?”

“रफीकभाई, ती काळी गाडी आहे का अजून तिथे?”

“है ना.”

“मालकाला विचारून ठेवून घ्या. आम्ही येतोय. पुन्हा एकदा बसून बघायचंय. मी नाही, साहेब चालवतील. सोलापूर ते मैंदर्गी, अक्कलकोटच्या बाजारातून. मी शेजारी बसते. मग सांगते कोणता टाकायचा.”

“मॅडम, लिफ्ट—”

“लिफ्ट थांबेल.”

गॅलरीतली टाच खाली टेकली. कप तसाच कठड्यावर. चप्पल शोधतोय. मला म्हणाला, “आज गाडीचं बोलून ठेवू. चालवायला गुरुवारी जाऊया मग. गर्दी जास्त असते म्हणालीस ना.”